जुन्या सायकलीची सुखकर बैठक

पडवीत किंवा जिन्याखाली भिंतीला टेकून उभी असलेली जुनी काळी सायकल अजूनही पुष्कळ घरांत आढळते. कोणाच्या वडिलांनी ती नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून घेतलेली असते, तर कोणाच्या आजोबांना ती लग्नात मिळालेली असते. अठ्ठावीस इंची चाके, मागे वळलेले रुंद हॅण्डल, तारेऐवजी सळयांनी ओढले जाणारे ब्रेक आणि साखळीवर पत्र्याचे आच्छादन, असा तिचा थाट असतो. ही सायकल उभ्या बैठकीची होय; म्हणजे तिच्यावर मनुष्य पाठ ताठ ठेवून खुर्चीवर बसावा तसा बसतो. ती वापरात का नाही असे विचारले असता चेन तुटली किंवा टायर गेले असे उत्तर क्वचितच मिळते. बहुधा उत्तर येते ते एवढेच की, ‘आता तिच्यावर बसवत नाही.’

हे उत्तर वरवर क्षुल्लक वाटते. वस्तुतः ते तसे नाही. साठी उलटलेल्या मनुष्याची सायकल सुटली म्हणजे केवळ एक वाहन सुटत नाही. टपाल कचेरीत जाणे, औषध आणणे, वाचनालयातून पुस्तक बदलून घेणे, मित्राच्या घरी सकाळी डोकावणे ही सर्व कामे त्या दिवसापासून दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहतात. गुडघे शाबूत, नजर ठीक, सायकल धडधाकट, आणि तरीही केवळ एक वीतभर लांबीची वस्तू अंगाला नीट बसत नाही म्हणून हे स्वातंत्र्य गमवावे लागावे, ही गोष्ट खचितच विचार करण्यासारखी आहे. ही वस्तू म्हणजे सायकलीची बैठक. दुकानात व बोलण्यात तिला सीट म्हणतात. ती कशी निवडावी व कशी बसवावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न किती व्यवहाराचा आहे हे पाहावयाचे असल्यास गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हे गाव डोळ्यांपुढे आणावे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील हे गाव तेथील विस्तीर्ण तलावामुळे प्रसिद्धी पावले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांच्या मधल्या वाटा मातीच्या बांधांनी अडवून हा तलाव निर्माण केला, असे सांगितले जाते. भोवतालच्या अरण्यास १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला व २०१३ साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. अशा मुलखात रस्त्यांचे प्रकार तीन. पहिला डांबरी रस्ता, दुसरी मुरमाची वाट आणि तिसरी धानाच्या शेतांमधून व तलावाच्या कडेने जाणारी, पावसाळ्यात चिखलाची व उन्हाळ्यात ढेकळांची वाट. तलावावरचे पाणपक्षी पाहावयास जाणाऱ्यास सायकलीसारखे आवाज न करणारे वाहन दुसरे नाही. पण डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या वाटेस लागताच बैठकीचे गुणदोष पहिल्या फर्लांगातच कळून येतात. शहरातील श्रोत्यांनी हे दूरचे समजू नये. जागोजागी खणलेल्या व पुन्हा बुजविलेल्या शहरी रस्त्यांवर बसणारे हादरे जातीने याहून निराळे नसतात.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. बैठक टोचू लागली म्हणजे बहुतेक लोक एकच उपाय करतात. दुकानात जाऊन सर्वांत मऊ, सर्वांत फुगीर सीट विकत घेतात, किंवा आहे त्याच सीटवर फेसाच्या गादीची टोपी चढवितात. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिल्यावर ती लोण्यासारखी वाटते. पहिले दोन दिवस सुखाचे जातात. पंधरवड्यात पुन्हा दुखू लागते, आणि पुष्कळदा पहिल्यापेक्षा अधिक. असे का व्हावे?

याचे उत्तर आपल्या शरीराच्या रचनेत आहे. कठीण बाकावर ताठ बसून दोन्ही हात नितंबांखाली घातले असता उजवीकडे एक व डावीकडे एक असे दोन टणक उंचवटे हाताला लागतात. ही कटिराच्या तळाची, बैठकीची हाडे होत. मनुष्याचा बसण्याचा भार वाहण्याचे काम निसर्गाने यांच्याकडे सोपविले आहे व ते काम ती उत्तम करतात. त्यांच्या दरम्यानचा भाग मात्र अगदी नाजूक आहे. तेथून मज्जातंतू व रक्तवाहिन्या जातात. भार सोसण्यासाठी तो भाग घडविलेला नाही. चांगली बैठक ती, जी सर्व भार या दोन हाडांवर घेते व मधल्या भागास मोकळे ठेवते. मऊ, जाड गादीत नेमके याच्या उलट घडते. हाडे गादीत रुततात, त्यांच्याखालील भराव दबून बाजूस सरकतो, आणि तोच भराव दोन हाडांच्या मधून वर चढून नाजूक भागास दाबू लागतो. आपल्या भाषेत निरुपयोगी भरण्यास ‘खोगीरभरती’ म्हणतात. घोड्याच्या खोगिरात काहीबाही कोंबून ते फुगविता येते, पण त्यामुळे ते सुखकर होत नाही, हे हा शब्द घडविणाऱ्यांना पुरते ठाऊक असले पाहिजे. सायकलीच्या बाबतीतही तोच न्याय लागू आहे. बैठक मऊ किती, हा प्रश्न दुय्यम. आधार योग्य जागी मिळतो की नाही, हा प्रश्न मुख्य.

दुसरी ध्यानात ठेवावयाची गोष्ट म्हणजे बसण्याची ढब. शर्यतीच्या सायकलीवर मनुष्य पुढे ओणवा होतो. त्याच्या भाराचा बराचसा वाटा हातांवर व पायांवर जातो, आणि कटिर पुढे कलल्यामुळे सीटला टेकणारा भाग अरुंद होतो. म्हणून त्या सायकलीची सीट लांबट व अरुंद असते, व तिथे ती योग्यच होय. उभ्या सायकलीवर पाठ ताठ राहते, हात हॅण्डलवर नुसते टेकलेले असतात, आणि देहाचा बहुतेक भार सरळ खाली बैठकीवर येतो. कटिर मागे झुकते व हाडांचा रुंद भाग खाली येतो. सबब उभ्या सायकलीला मागे रुंद व नाकाशी आखूड अशी बैठक पाहिजे. नाक म्हणजे सीटचा पुढचा निमुळता भाग. नातवाच्या नव्या सायकलीची सडपातळ सीट काढून आजोबांच्या सायकलीवर चढविली असता ती दिसावयास झोकदार दिसते, परंतु तिच्यावर हाडे कडेवरून घसरतात व सारा भार नाकावर येतो. त्यापासून होणारी पीडा ही सीटची खोड नव्हे; तो केवळ विजोड संबंधाचा परिणाम होय.

तिसरी गोष्ट हादऱ्यांची. ओणवा बसलेला सायकलस्वार खड्डा दिसताच पायडलवर जोर देऊन किंचित वर उठतो. त्याचे गुडघे व कोपरे स्प्रिंगचे काम करतात. ताठ बसलेल्या मनुष्यास हे साधत नाही. प्रत्येक धक्का सीटमधून थेट कण्यात चढतो. उभ्या सायकलीच्या सीटखाली पोलादी वेटोळ्यांच्या जाड स्प्रिंगा असतात त्या एवढ्याचसाठी. त्या शोभेच्या नाहीत. मात्र स्प्रिंग स्वाराच्या वजनास जुळणारी हवी. बसल्याबरोबर वेटोळी एकमेकांस चिकटत असतील तर ती स्प्रिंग त्या वजनास अपुरी आहे. बसले काय अन् न बसले काय, ती तसूभरही हलत नसेल तर ती असून नसून सारखीच. साधारणपणे बसताना थोडी दबावी व खड्ड्यात आणखी दबण्यास तिच्यात वाव राहावा.

या बैठकीचा इतिहासही थोडक्यात पाहण्यासारखा आहे. दोन सारख्या चाकांची, चेनने चालणारी जी सायकल आज आपण ओळखतो तिला जॉन केम्प स्टार्ले यांच्या १८८५ सालच्या ‘रोव्हर’ने रूप दिले, १८८८ साली डनलॉप यांनी हवेचे टायर काढले. बैठकीचा प्रश्न मात्र त्याआधीच लोकांस भेडसावू लागला होता. बर्मिंगहॅम येथे १८६६ पासून चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय करणारे जॉन बोल्टबी ब्रूक्स यांचा घोडा मेला, तेव्हा त्यांनी कोणाची तरी सायकल मागून घेतली. तिची लाकडी बैठक इतकी टोचली की आपण याहून बरी बैठक करू असा त्यांनी निश्चय केला, अशी कथा त्यांच्या कारखान्यात सांगितली जाते. कथा कशीही असो, १८८२ साली त्यांनी आपल्या बैठकीचे पेटंट घेतले हे खरे. लोखंडी सांगाड्याच्या पुढच्या व मागच्या टोकांमध्ये जाड कातडे ताणून बसवावयाचे व मधला भाग झोळीसारखा अधांतरी ठेवावयाचा, ही चामडी बैठकीची मूळ युक्ती आहे आणि आजही ती बदललेली नाही.

महाराष्ट्रीयांचा सायकलीशी संबंधही त्याच सुमाराचा. पुढे ज्यांचे नाव उद्योगधंद्यात सर्वतोमुखी झाले त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात आपल्या उद्योगाचा आरंभ केला तो सायकलींच्या दुकानानेच. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासास निघाले व त्यांच्यापैकी तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. मोटारी व स्कूटर येण्यापूर्वीचे पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई, आणि ‘डबलसीट’ हा शब्द मराठीत रुळला तो सायकलीमुळेच. आरंभी सायकली विलायतेहून येत. पुढे मुंबईत वरळीला हिंद सायकल, १९४९ मध्ये मद्रासकडे टी. आय., १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियान्यास हीरो आणि त्याच सुमारास आसनसोलला सेन-रॅले असे कारखाने निघाले व खेड्यापाड्यांतून या उभ्या सायकली पोहोचल्या. यांपैकी काही कारखाने आज बंद पडले आहेत. तेव्हा जुन्या सायकलीला तिच्याच नावाची नवी सीट मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. जी मिळेल ती पारखून घेण्याची विद्या आपल्यापाशी असली पाहिजे.

बाजारात आज सामान्यतः तीन जातींच्या बैठका मिळतात. पहिली ताणलेल्या चामड्याची. ही नवी असताना लाकडासारखी कठीण लागते आणि म्हणून पुष्कळ लोक तिला नाके मुरडतात. परंतु जसजशी ती वापरली जाते तसतसे कातडे स्वाराच्या हाडांखाली किंचित खोलगट होते, बाकीचे तसेच ताठ राहते, आणि काही शे किलोमीटर झाल्यावर ती त्या एका मनुष्याच्या मापाची होऊन बसते. नव्या वहाणा पायास लावून घ्याव्या लागतात तसेच हे आहे. तिच्यावर वारा खेळतो, घाम मुरतो व वाळतो, आणि नीट राखल्यास ती दोन पिढ्यांस पुरते. दोष दोन. विलायती बनावटीची नवी सीट कित्येकदा जुन्या सायकलीच्या किमतीहून महाग पडते, आणि पाण्याशी तिचे वैर आहे.

दुसरी जात गादीच्या सीटची. हिच्यात पोलादी सांगाड्यावर आडव्या बारीक स्प्रिंगांचे जाळे, त्यावर नमदा किंवा काथ्याचा थर व वरून रेक्झिन असते. स्वस्त, पावसास न भिणारी व तत्काळ बसण्याजोगी असल्याने देशी सायकलींवर हीच फार पसरली. ही मागे भरपूर रुंद व स्प्रिंगा शाबूत असलेली मिळाल्यास रोजच्या दोनचार मैलांस काहीच हरकत नाही. पण आतील जाळे एका बाजूस सैल झाले म्हणजे मनुष्य नकळत तिरका बसू लागतो, आणि मग दुखते ती कंबर. सीटकडे संशय जातच नाही. वैदर्भी उन्हाळ्यात उन्हात राहिलेल्या रेक्झिनचा चटका तर सर्वांस परिचित आहे.

तिसरी जात प्लास्टिकच्या तळावर फेसाचा किंवा जेलचा थर दिलेल्या आधुनिक सीटची. यातही रुंद, मध्ये खाच ठेवलेल्या व फेस घट्ट असलेल्या सीट मिळतात आणि त्या वाईट नाहीत. निवडताना अंगठ्याने दाबून मऊपणा पाहण्याऐवजी तळहाताने जोर देऊन पाहावे. हात तळाच्या प्लास्टिकला लागला तर ती सीट सोडून द्यावी.

कोणतीही जात घेतली तरी माप आधी घेतले पाहिजे. शिंपी माप घेतल्यावाचून सदरा शिवीत नाही, आणि आपण मात्र सीट अंदाजाने घेतो! याची रीत सोपी आहे. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा एक तुकडा कठीण स्टुलावर ठेवावा. पातळ वस्त्र नेसून, पाठ ताठ ठेवून त्यावर बसावे. पायांखाली पाट घ्यावा म्हणजे गुडघे थोडे वर येतात व हाडे ठळक उमटतात. एखादे मिनिट स्वस्थ बसून उठावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजावे. पुष्कळांचे हे अंतर दहा ते पंधरा सेंटिमीटरांच्या दरम्यान भरते. हाडांच्या बाहेरही सीटचा आधार थोडा उरावा लागतो, आणि कडा सहसा उतरत्या असतात; म्हणून ताठ बसणाऱ्याने या मापात निदान चारपाच सेंटिमीटर मिळवून तितक्या रुंदीची सीट पाहावी. उभ्या सायकलीसाठी केलेल्या स्प्रिंगांच्या चामडी सीटा मागे वीस सेंटिमीटरांच्या पुढे रुंद असतात, तर ओणव्या स्वारासाठी केलेल्या सुमारे सतरा. हा फरक दिसावयास तीन बोटांचा नाही, पण अंगास फार मोठा लागतो. उलट नुसती रुंदी वाढवीत जाण्यातही लाभ नाही. फार रुंद सीट मांड्यांच्या मागच्या बाजूस घासते व पायडल मारताना अडथळा करते.

स्त्रियांच्या बाबतीत हे माप विशेष अगत्याचे आहे. स्त्रियांचे कटिर सामान्यतः अधिक रुंद असल्याने त्यांच्यासाठी अधिक रुंद व नाकाशी आखूड अशी सीट निराळी करण्यात येते. आखूड नाकामुळे साडी किंवा सलवार अडकत नाही व चढउतार सोपी होते. घरातील एकच सायकल सासू, सून व मुलगा असे सर्व वापरीत असतील तर सर्वांत रुंद मापास जुळेल अशी सीट ठेवणे बरे. पण सामान्य नियम हा सामान्यच असतो. पुठ्ठ्यावरील खळगे काय सांगतात तेच शेवटी खरे.

माप ठरल्यावर सीट आपल्या सायकलीला बसेल की नाही हे पाहावयाचे. बहुतेक जुन्या उभ्या सायकलींत सीटच्या दांडीचे वरचे टोक पाऊण इंचाहून किंचित जास्त, नेमके सांगावयाचे तर ७/८ इंच, म्हणजे सुमारे बावीस मिलिमीटर जाडीचे असते व सीटखालची क्लिप त्यावर आवळली जाते. काही सीटांखाली धरण्याच्या सळया दोन असतात, काहींखाली चार. चार सळयांच्या सीटला क्लिपही निराळी लागते. ब्रूक्सच्या बी-६६ व बी-६७ या दोन बैठका वरून जवळजवळ सारख्याच. पण पहिलीस चार सळया व दुसरीस दोन. म्हणून दुकानात जाताना जुनी सीट क्लिपसह बरोबर न्यावी. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा हे सोपे पडते.

सीट उत्तम असूनही चुकीची बसविली तर सगळे श्रम वाया जातात. प्रथम उंची. सायकल कोणी धरून ठेवावी, स्वाराने बसून टाच खालच्या पायडलवर टेकवावी. पाय सरळ झाला म्हणजे उंची बरोबर. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यास हवा तितका किंचित बाक आपोआप राहतो. वृद्धांनी व वर्दळीच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांनी थांबल्यावर पाय जमिनीस लागावा म्हणून ती थोडी खाली घेण्यास प्रत्यवाय नाही, पण फार खाली घेतल्यास गुडघे दुखतात. दांडी नळीत पुरेशी खोल राहिली पाहिजे, हे विसरू नये. नंतर कल. सीट सपाट असावी. चामडी सीट मध्ये झोळ घेत असल्याने तिचे नाक केसभर वर ठेवावे. नाक खाली केल्यास मनुष्य पुढे घसरतो, व स्वतःस सावरण्यासाठी मनगटांवर भार घेतो. तिसरे, पुढेमागे करणे. हॅण्डल गाठण्यास वाकावे लागत असेल तर सीट थोडी पुढे घ्यावी, किंवा त्याहून बरे म्हणजे हॅण्डलच सीटच्या पातळीहून थोडे वर चढवावे. उभ्या सायकलीवरील कित्येकांचे दुखणे सीटचे नसून खाली गेलेल्या हॅण्डलचे असते. यातील कोणताही बदल एका वेळी एकच व थोडाच करावा, आणि दोन दिवस चालवून पाहावे. टायरही दगडासारखे कडक भरू नये. हवेचे टायर हीच सायकलीची पहिली स्प्रिंग होय.

एवढे सर्व ऐकून कोणी नवी सीट घेण्यास निघाला असेल तर त्याने आधी घरच्या जुन्या सीटकडे एकवार नीट पाहावे. धुळीने पांढुरकी झालेली, कडक, वेडीवाकडी दिसणारी चामडी सीट कित्येकदा केवळ उपेक्षेने तशी झालेली असते. कातडे रिव्हेटांच्या भोवती फाटलेले नसेल, मधून भेगा आरपार गेलेल्या नसतील व सांगाडा मोडलेला नसेल तर ती वाचविता येते. ओल्या फडक्याने धूळ पुसावी, सावलीत पूर्ण वाळू द्यावी, मग कातड्यासाठी मिळणारे मेणयुक्त मलम वरून व विशेषतः खालून हलक्या हाताने चोळावे. तेलात बुडविण्याचा मोह टाळावा. जास्त तेलाने कातडे मऊ पडून झोळासारखे लोंबते. नाकाखाली एक ताण देण्याचा नट असतो. कातडे सैल झाले असल्यास तो पान्याने पाव फेरा, फार तर अर्धा, आवळावा. अधिक आवळल्यास कातडे रिव्हेटांपाशी फाटते. सीटच्या दोन्ही बाजूंच्या कडा फाकल्या असतील तर बाजारातील चांभारदादांकडून कडांना भोके पाडून खालून चामड्याची वादी ओवून घ्यावी. बुटाची नाडी आवळावी तशा त्या कडा आवळल्या जातात व सीटला पुन्हा आकार येतो. हे काम थोडक्या वेळात व थोडक्या पैशात होते.

हिरडा, बाभळीची साल, तरवड यांनी कातडे कमावण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. अशा झाडपाल्याने कमावलेले जाड कातडेच ताणलेल्या सीटला लागते, कारण ते आकार घेते व तो धरून ठेवते. मात्र ओले असताना त्यावर बसल्यास तोच गुण दोष ठरतो. ओले कातडे ताणले जाते व वाळल्यावर तसेच राहते. नवेगाव बांधसारख्या जून ते सप्टेंबर भरपूर पावसाच्या मुलखात, किंवा मुंबई-कोकणात, चामडी सीट वापरणाऱ्याने प्लास्टिकची पिशवी सदैव बरोबर बाळगावी व मागच्या चाकावर मडगार्ड अवश्य ठेवावे, कारण खालून उडणारे पाणी वरच्या पावसापेक्षा अधिक नुकसान करते. भिजलीच तर चुलीजवळ किंवा उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी. ज्यास इतकी निगा राखणे शक्य नाही, त्याने पावसाळ्यापुरती रेक्झिनची सीट चढवावी. दोन पान्यांचे काम आहे. उन्हाळ्यात कातडे कोरडे पडून चरचरते, तेव्हा ऋतूच्या आरंभी एकदा मलम पुरे.

एक इशारा मात्र सर्वांनी लक्षात ठेवावा. नवी सीट लावल्यावर पहिले काही दिवस हाडांपाशी थोडे दुखणे स्वाभाविक आहे. ते सरावाने जाते. परंतु मधल्या भागास मुंग्या येणे, बधिरपणा जाणवणे हे सरावाने जाईल म्हणून सोसू नये. मज्जातंतूंवर भार पडत असल्याची ती सूचना असते. अशा वेळी उतरावे, थोडे चालावे, व सीटचे माप, कल आणि उंची पुन्हा तपासावी. बधिरपणा तरीही राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. तसेच जाड शिवणीची विजार बैठकीच्या जागी घासते. सीटला दोष देण्यापूर्वी एक दिवस धोतर, पायजमा किंवा पातळ विजार नेसून चालवून पाहावे.

तात्पर्य, क्रम असा. प्रथम हॅण्डल वर घ्यावे व आहे ती सीट सपाट करून योग्य उंचीवर बसवावी. यास एक पैसा पडत नाही, व पुष्कळांचे दुखणे इथेच थांबते. ते न थांबल्यास पुठ्ठ्यावर माप घ्यावे व आपली सीट त्या मापास पुरते की नाही हे पाहावे. पुरत असून ती केवळ जीर्ण असेल तर दुरुस्त करावी. अपुरी असेल तरच नवी घ्यावी. ती मागे रुंद, नाकाशी आखूड, स्प्रिंगांची व घट्ट आधाराची असावी. नवेगावचा बांध ज्यांनी घातला त्यांनी माती वाटेल तेथे टाकली नाही. पाण्याचा जोर कोठे येतो ते आधी पाहिले व तेथे आधार दिला. बैठक निवडणाऱ्यानेही आपला भार कोठे येतो हे आधी पाहावे. मग पडवीतली जुनी सायकल पुन्हा रस्त्यावर येईल, आणि तिच्या मालकास आपले औषध आपण आणावयास कोणाची वाट पाहावी लागणार नाही.